पकड कुणाची?

कबड्डीत टाळ्या चढाई करणाऱ्याला. उरल्या तर कोपऱ्यावरच्या गड्याला. इराणच्या फझल अत्राचलीची घोट्याची पकड थोर, यात वाद नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इराणने भारताला हरवून पुढे सुवर्णपदक नेले, त्या संघात तो होता. तरीही मी विशाल मानेला श्रेष्ठ मानतो. २०१५ साली प्रो कबड्डी जिंकणाऱ्या यू मुम्बाचा हा कव्हर. कोपऱ्याने पाय धरला की वर झेप घालून चढाईपटूला मध्यरेषेपासून तोडायचे, हे कव्हरचे काम. गुण मात्र बहुधा आधी धरणाऱ्याच्या नावे. मुखेडच्या रानांत राबणाऱ्या आपल्या आईबापांची नावेही गुणपत्रिकेवर नसतात. म्हणून काय पकड त्यांची नव्हे?