वायूस दोन दारें

विमानांत बसणाऱ्यास वाऱ्याची काय वाण, असें आमच्या पुष्कळ वाचकांस वाटेल. परंतु हौसेनें घरीं विमान बांधणाऱ्यांस विचारावें, म्हणजे आकाशांत संचार करणाऱ्यासही श्वासापुरता वारा मिळविण्यास किती खटाटोप करावा लागतो, तें कळेल.

हा विषय खानदेशास परका नाहीं. कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईस कांदिवलींतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ सालीं तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, २०१७ सालीं त्याची सरकारदप्तरीं नोंद झाली, आणि २०२० सालीं त्याचें चांचणी-उड्डाण आमच्या धुळ्याच्या धावपट्टीवर झालें.

धुळें-जळगांवकडे वैशाखांत पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळीं लहान विमान धावपट्टीवर उभें असलें, म्हणजे कांचेसारख्या आच्छादनांतून ऊन आंत येतें, उष्णता मात्र आंतच कोंडते. शिवाय पुढें तापलेलें इंजिन असतें तें निराळेंच.

यावर प्रथम सुचणारा उपाय म्हणजे पुढील अंगास भोंक पाडणें. वारा पुरेसा येत नाहीं म्हणून तें मोठें करितात, तरीही गुण येत नाहीं. भरल्या घागरींत आणखी पाणी मावत नाहीं, तद्वत् आंतील हवेस बाहेर जाण्यास वाट नसेल तर नवी हवा शिरणार कोठें? म्हणून जाणते लोक बाहेर जाण्याचें द्वार आधीं योजितात, तें आंत येण्याच्या द्वाराहून मोठें ठेवितात, आणि जेथें बाहेरील दाब कमी असतो अशा जागीं बसवितात. मग आंतली हवा आपोआप ओढली जाते. वाऱ्याचा ओघ पाहण्यासाठीं विमानाच्या अंगास लोंकरीचे आंखूड धागे चिकटवून उड्डाण करितात. एवढ्या साध्या साधनानें पुष्कळ कळतें.

तथापि येथें खरा धोका उकाड्याचा नव्हे. इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूहून २०० पटींपेक्षां अधिक बळानें चिकटतो, आणि वैमानिकास प्रथम केवळ डोकेंदुखी व ग्लानि वाटते. द्वार चुकीच्या जागीं असलें, किंवा इंजिनामागील पडद्यांतील तारांचीं छिद्रें नीट बुजविलीं नसलीं, तर हाच धूर आंत ओढला जातो. म्हणून वायुसूचक यंत्र जवळ ठेवण्याचा प्रघात आहे.

हें सर्व आम्ही लिहिलें तें वाचकांनीं विमानें बांधावींत म्हणून नव्हे. आपल्याकडील धाब्याच्या घरांत छतास झरोका ठेवीत. दारानें वारा येई, चुलीचा धूर वरून जाई. आतां आपण न्हाणीघरांत गॅसचा गीझर बसवितों आणि थंडीच्या दिवसांत झरोका बुजवितों. तेथें उत्पन्न होणारा वायु तोच, आणि बंद दाराआड स्नान करणारें मूल आपलेंच. गीझर शक्य तर न्हाणीघराबाहेर बसवावा. आणि आज सायंकाळींच वाऱ्याचीं दोन्ही दारें मोकळीं आहेत काय, एवढें घरांतील वडील माणसानें स्वतः पाहावें, अशी आमची विनंति आहे.