पोथी आपली, मग लपवायची कशाला?

सुट्टी जवळ आली की आपल्या वर्गात एकच विषय असतो: भारतात जायचे आणि येताना काय काय आणायचे. आज आम्ही काय आणू नये ते सांगणार आहोत.

मागच्या खेपेला गावच्या घराच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली एक पोथी सापडली. बोरूने लिहिलेली. शेवटच्या पानावर शके १७६२, म्हणजे इसवी सन १८४०. काकू म्हणाल्या, "घेऊन जा, मुलांना आठवण राहील." आम्ही ती बॅगेत चकलीच्या डब्याखाली ठेवली, वर साड्या पसरल्या. धाकटी पाहत होती. "बाबा, आपलीच आहे ना? मग लपवताय कशाला?"

उत्तर सुचेना, म्हणून चौकशी केली. भारताच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे किंवा कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. मोलाच्या हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षेच पुरतात. वस्तू घरची असली तरी सूट नाही, आणि गुन्ह्याला कैद आहे. नवी पण जुनी दिसणारी समई न्यायची असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावा. आणि मुलांनो, मोरपीससुद्धा बाहेर नेता येत नाही बरं का!

आमचे एक मित्र म्हणाले, "तिथे वाळवी खाईल, इथे काचेच्या कपाटात तरी राहील." वाळवीचे खरे आहे. पण तमिळनाडूतल्या श्रीपुरंतन गावच्या देवळातला नटराज चोरीला गेला, तो ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात काचेआड सुरक्षितच होता! दालनाने २००८ मध्ये तो पन्नास लाख डॉलर्सना विकत घेतला होता. २०१४ मध्ये तो भारताला परत मिळाला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला आमची बॅग आणि चोराची बॅग सारखीच दिसते. चोराला अडवणारा नियम आम्हालाही अडवणारच, आणि त्याने अडवावे असेच आम्हाला वाटते.

वाळवीवर उपाय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात अशा हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. पोथी तिथे देता येईल का, ते काका विचारणार आहेत.

आम्ही पोथी काकूंच्या हाती परत दिली, तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या. मग आम्ही अंगणात बसून पानापानाचे फोटो काढले. जुन्या लेखकाने शब्द न तोडता सलग ओळी लिहिल्या आहेत. आता धाकटी रोज एक ओळ घेते, पेन्सिलीने शब्द वेगळे करते आणि अडले की फोनवर काकूंना विचारते. कपाटातल्या पोथीने हे झाले नसते.

पुढच्या रविवारी एक पान वर्गात आणतो. पेन्सिली घेऊन या.

– एक पालक