उजळणी कोणत्या पुस्तकाची?

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि म्हणूनच ते ‘नरसी नामदेव’ या नावाने ओळखले जाते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला मराठी वाङ्मय हा वैकल्पिक विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला पद्यविभागात पहिले पुस्तक भेटते ते याच नामदेवांच्या अभंगवाणीचे, आणि शेवटचे भेटते ते नामदेव ढसाळांचे ‘या सत्तेत जीव रमत नाही’. या दोन नामदेवांच्या मध्ये रघुनाथ पंडितांचे ‘दमयंती-स्वयंवर’, बालकवींची कविता, कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’, विंदा करंदीकरांचा ‘मृद्गंध’, नारायण सुर्वे यांचा ‘जाहीरनामा’ आणि ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ आहेत. गद्यविभागात महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’पासून महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, केतकरांची ‘ब्राह्मणकन्या’, बाबूराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आणि प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ येथपर्यंतचा विस्तार आहे. परीक्षा तोंडावर आली असता यांतील कोणते पुस्तक पुन्हा उघडावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ भासतो. वस्तुतः तो तसा नाही.

या विषयाच्या दोन प्रश्नपत्रिका प्रत्येकी २५० गुणांच्या असतात. लेखी परीक्षेच्या १७५० गुणांपैकी ५०० गुण एवढ्यावर ठरतात. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत दोन विभागांत मिळून आठ प्रश्न असतात आणि त्यांतील पाच सोडवायचे असतात. पहिला आणि पाचवा प्रश्न मात्र सक्तीचे असून ते अनेक छोट्या टिपांचे असतात. त्यामुळे मोठ्या प्रश्नांत निवडीला वाव असला, तरी सक्तीच्या टिपांत कोणत्या पुस्तकावर विचारणा होईल याचा नेम नाही. एखादे पुस्तक सर्वस्वी सोडून देणे म्हणजे ठाऊक असलेला धोका पत्करणे होय. दुसऱ्या बाजूने, उरलेल्या तीन-चार आठवड्यांत सगळी पुस्तके पहिल्या पानापासून वाचणे कोणालाच शक्य नसते. तेव्हा निवड अटळ आहे.

ही निवड बहुतेक विद्यार्थी उलटी करतात. जे पुस्तक आवडते आणि जे आधीच दोनदा वाचून झाले आहे, तेच ते तिसऱ्यांदा हाती घेतात, कारण त्यात मन लागते आणि अभ्यास झाल्याचे समाधान मिळते. अर्थशास्त्रातील एक साधा नियम येथे लागू पडतो. भरपूर पाणी पिऊन झालेल्या शेताला आणखी एक पाळी दिल्याने पीक फारसे वाढत नाही. तीच पाळी कोरड्या पडलेल्या शेताला दिली तर वाढते. वेळेचेही तसेच आहे. प्रश्न ‘कोणते पुस्तक महत्त्वाचे’ असा नसून ‘पुढचा एक तास कोठे घातल्याने सर्वाधिक भर पडेल’ असा आहे. या दृष्टीने काव्यसंग्रह पुन्हा समग्र वाचता येतात, कारण ते आकाराने आटोपशीर असतात आणि संदर्भासह स्पष्टीकरणात ओळच ओळखावी लागते. कादंबरीच्या बाबतीत पहिल्या वाचनाच्या वेळी स्वतः काढलेली टिपणे आणि निवडक प्रकरणे पुरेशी ठरतात. ‘स्मृतिस्थळा’सारख्या जुन्या भाषेतील ग्रंथाला मात्र अधिक दिवस राखून ठेवावे लागतात, कारण ती भाषा एका रात्रीत जिभेवर बसत नाही.

याहून सूक्ष्म अशी एक फसगत आहे, ती ओळखीच्या पुस्तकाची. नरसीसारख्या गावातील मुलाने नामदेवांचे अभंग लहानपणापासून कीर्तनात ऐकलेले असतात. ते कानावरचे असल्याने त्यांची उजळणी नको, असे त्याला वाटते. परंतु ऐकलेला अभंग आणि परीक्षेसाठी वाचलेला अभंग यांत अंतर आहे. आदी, समाधी आणि तीर्थावळी या प्रकरणांतून नामदेवांनी ज्ञानदेवांचे चरित्र कसे उभे केले, नामदेवांच्या नावावर चालत आलेल्या गाथेत विष्णुदास नामा यांच्यासारख्या नंतरच्या कवींची रचना कशी मिसळली, गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या ६१ पदांतील नामदेव मराठी अभंगांतील नामदेवांहून कोठे निराळे वाटतात, हे प्रश्न टाळमृदंगाच्या साथीने सुटत नाहीत. कर्जात रुतलेला शेतकरी ज्याने घरातच पाहिला आहे, त्यालाही १८८३ मधील ‘असूडा’ची मांडणी पुन्हा तपासावीच लागते. अनुभव हे मोठे भांडवल खरेच, पण ते वाचनाची जागा घेऊ शकत नाही. शहरातील विद्यार्थ्याची फसगत याच्या उलट असते. बागुल आणि ढसाळ यांचे जग आपले नव्हे, अशा समजुतीने तो त्यांची पुस्तके शेवटावर ढकलतो.

येथवरचा विचार सर्व पुस्तके हाताशी आहेत असे गृहीत धरून झाला. हे गृहीतकच मुळात तपासले पाहिजे. पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तकाची दुकाने, ग्रंथालये आणि सोबत्यांची पुस्तके उपलब्ध असतात. नरसीच्या विद्यार्थ्याला हिंगोली गाठावी लागते, आणि तेथे पुस्तक मिळालेच नाही तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर. नेमलेल्या पुस्तकांपैकी काही बाजारात सहजी मिळतही नाहीत. मिळतात ते प्रश्नसंच, गाईड आणि खासगी क्लासच्या झेरॉक्स नोट्स. अशा स्थितीत विद्यार्थी पुस्तके निवडत नाही, बाजार त्याच्यासाठी निवड करून ठेवतो. मग उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांची तक्रार येते की मुले मूळ पुस्तक वाचत नाहीत. अभ्यासक्रमातच मूळ कृतींच्या प्रत्यक्ष वाचनाची अपेक्षा लिहिलेली आहे. अपेक्षा सर्वांकडून सारखी करायची आणि साधने मात्र निम्म्यांनाच मिळू द्यायची, याला स्पर्धा म्हणता येत नाही.

यावर उपाय दुर्मिळ नाही आणि खर्चिक तर मुळीच नाही. महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय आणि १९७० मध्ये नामदेवांची गाथा प्रसिद्ध केली. मोठे ग्रंथ सामान्य वाचकाच्या आवाक्यात आणणे हे शासनाचे काम आहे, हे तेव्हा मान्य होते. आजही साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने महाजालावर विनामूल्य वाचता येतात. परंतु फुले, केतकर, बालकवी यांच्यासारख्या स्वामित्वहक्कातून मुक्त झालेल्या लेखकांपुरतीच ही वाट मोकळी आहे. सोनकांबळे किंवा ढसाळ विकतच घ्यावे लागतात. शिवाय समासात पेन्सिलीने खुणा करत वाचण्याची सोय मोबाइलच्या काचेवर नाही. उजळणी ही मुख्यतः त्या खुणांचीच असते.

म्हणून मागणी साधी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे आणि त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांची ग्रंथालये अनुदान घेतात. यांपैकी किमान प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात नेमलेल्या पुस्तकांचे दोन-तीन संपूर्ण संच असावेत आणि परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे राहावे. तमिळनाडूप्रमाणे ग्रंथालय कर बसविण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात नाही, ही उणीव दूर व्हायला हवी. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीतून गावोगावी स्वागतकमानी उभ्या राहू शकतात, तर वीस-बावीस पुस्तकांना पैसा नाही असे कोणी म्हणू नये. २०२५ पासून महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केल्यामुळे हा प्रश्न आता मूठभर मुलांचा राहिलेला नाही.

तालुक्याचा तहसीलदार, जिल्ह्याचा अधिकारी याच परीक्षांतून येतो. त्याने ‘शेतकऱ्याचा असूड’ खरोखर वाचला आहे की त्यावरील दहा ओळींची टीप पाठ केली आहे, याचा संबंध त्याच्या गुणांशी आहे, तसाच उद्या त्याच्या दारात अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याशीही आहे. नरसीच्या मुलाने कोणत्या पुस्तकाची उजळणी करावी हे त्याने जरूर ठरवावे. ती पुस्तके त्याच्यापुढे ठेवण्याची जबाबदारी मात्र त्याची एकट्याची नव्हे.