पाव्हणं, कुणाकडं?

सुट्टी लागली की आम्हा शिक्षकांना दोनच गावं असतात, एक आपलं आणि एक बायकोचं. माझं दुसरं गाव बावडा, तालुका इंदापूर. दिवाळीत आठ-दहा दिवस, मे महिन्यात तेवढेच, असं गेली सोळा वर्षं चालू आहे. त्यातली पहिली दहा वर्षं मी तिथे फक्त जेवलो. चाळिशीत साखर वाढली, डॉक्टरांनी रोज घाम काढायला सांगितलं आणि मी पळायला लागलो. सोलापुरात ते सोपं आहे. फजरची नमाज झाली की संभाजी तलाव गाठायचा, पळायचं आणि शाळेच्या वेळेआधी घरी. सासरी मात्र पिशवीतून बूट बाहेर काढले की प्रश्न पडतो, पळायचं कुठं?

पहिल्या वर्षी हा प्रश्न मी मोबाईलला विचारला. उपग्रहाच्या चित्रात उसाच्या हिरव्या चौकोनांमधून एक पांढरी रेघ जाताना दिसली. ती पाणंद होती. गाड्या नाहीत, पायाखाली माती, दोन्ही बाजूंना ऊस. मला वाटलं, याहून चांगली वाट मिळायची नाही. दुसऱ्या दिवशी फजरनंतर निघालो. अजून नीट उजाडलं नव्हतं. थोडं पुढे गेलो तर वस्तीवरची दोन कुत्री मागे लागली. त्यांच्यापासून सुटलो तोच एका विहिरीजवळ मोटारसायकल आडवी आली. वर दोघं होते.

"पाव्हणं, कुणाकडं?"

पळायला आलोय, म्हणालो.

"हितं? अंधारात? नाव काय तुमचं?"

नाव सांगितलं. मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. ज्यांची नावं माझ्यासारखी आहेत त्यांना ही शांतता ओळखीची आहे. डोक्यावर टोपी, दाढी, हातात मोबाईलचा उजेड. मी सासऱ्यांचं नाव घेतलं आणि दोघांचे चेहरे बदलले. "आरं, मग दाजीच की तुम्ही आमचं!" एकानं आग्रहानं गाडीवर बसवून घरापर्यंत सोडलं. पळणं राहिलंच.

घरी हे सांगताना माझा आवाज चढला होता. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की महिन्याभरात शिवारातल्या तीन विहिरींवरच्या मोटारी गेल्या आहेत. चोर केबलसुद्धा कापून नेतात, तांब्यासाठी. अंधारात विहिरीपाशी पळणारा अनोळखी माणूस लोकांनी काय समजायचा? त्यांचं म्हणणं मला पटलं. तरी नाव ऐकल्यावरची ती शांतता मोटारींमुळे नव्हती, असं मला आजही वाटतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीमुळे दुसरी खोडली जात नाही. सासऱ्यांचं नाव माझ्याजवळ होतं म्हणून मी दाजी झालो. ज्याचं गावात कुणीच नाही त्यानं काय करायचं, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून गेलेला नाही.

नकाशावर मोकळी दिसणारी वाट गावात मोकळी नसते. ती कुणाच्या बांधावरून, कुणाच्या विहिरीवरून, कुणाच्या अंगणातून जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी चांगलं उजाडल्यावर निघालो, तेही चालत. चहाच्या टपरीवर बसलो. कुणाकडं आलोय ते विचारायच्या आधीच सांगून टाकलं. तिथे कळलं की गावात पळणारे पुष्कळ आहेत. भरतीची पोरं!

आपल्याकडे खेड्यात पहाटे पळणारा माणूस बहुतेक वेळा पोलीस भरतीसाठी पळत असतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. या पोरांच्या मनगटावर महागडं घड्याळ नसतं, त्यामुळे पळणाऱ्यांच्या ॲपवर त्यांच्या रेघा उमटत नाहीत. मोबाईलकडे बघून शहरातल्या माणसाला वाटतं, इथे कुणी पळतच नाही. पण रस्त्याच्या कडेला चुन्याच्या नाहीतर रंगाच्या खुणा असतात, अंतर मोजून केलेल्या. सुट्टीत परक्या गावी पळायचं असेल तर नकाशा बाजूला ठेवा आणि या खुणा शोधा. कुठली कुत्री नुसती भुंकतात आणि कुठली खरंच चावतात, कोणत्या वळणावर ट्रक अंगावर येतो, कालव्याचं आवर्तन सुटलं की कुठला काठ निसरडा होतो, हे सगळं त्या पोरांनी आधीच तपासलेलं असतं. सकाळी किती वाजता निघता एवढं विचारलं की पुरतं. सोबत मिळते आणि ओळखही होते.

वेळेचं गणित मात्र ज्याचं त्यानं करावं. मे महिन्यात सात वाजल्यानंतर या भागात पळणं म्हणजे आजाराला आमंत्रण. पावसात काळी माती बुटाला अशी धरते की एकेक पाय किलोभर जड होतो. दिवाळीनंतर गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ड्रायव्हरनं लावलेली गाणी एवढी मोठी की मागच्या गाडीचा हॉर्नसुद्धा त्याला ऐकू जात नाही. त्यामुळे रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळायचं, आणि आपल्या कानात गाणी नकोत. कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात. त्यांच्या चुली आपल्या आधी पेटलेल्या असतात. तीन हजारांचे बूट घालून, साखर कमी व्हावी म्हणून मी त्यांच्यासमोरून पळत जातो, तेव्हा मान खाली जाते. यावर उपाय मला सापडलेला नाही.

बावड्यातली मला सगळ्यात आवडणारी वाट वारीची आहे. तुकोबांची पालखी इंदापूरहून निघून बावड्यावरून सराटीला मुक्कामी जाते. दुसऱ्या दिवशी नीरेत पादुकांना स्नान, मग नदी ओलांडून अकलूज, म्हणजे आमचा सोलापूर जिल्हा. या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसवली गेली. पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट, असं तेव्हा जाहीर झालं होतं. पालखी जाते वर्षातून एकदा. बाकीच्या दिवसांत ती वाट कुणाची? माझं मत स्पष्ट आहे, ती रोज पायी चालणाऱ्याची आणि पळणाऱ्याची असली पाहिजे. शाळेत जाणारी मुलं, भरतीची पोरं, गुडघे धरून फिरायला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांची. नाहीतर कुणी तिथे मका वाळत घालतं, कुणी टेम्पो लावतं, कुणी टपरी टाकतं, आणि आषाढात वारकरी पुन्हा गाड्यांमधून चालतात.

मुसलमान माणूस पालखी मार्गावर पळायला जातो याचं काहींना नवल वाटतं, त्यांच्यातल्या आणि आमच्यातल्याही. देहूतून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तिथे आरती होते, एवढं सांगितलं की दोन्हीकडचे गप्प होतात.

आता मुलीचं. ती चौदा वर्षांची आहे आणि तिला माझ्याबरोबर पळायचं होतं. तिच्या नानीनं कपाळाला हात लावला. पोरगी रस्त्यावर पळणार? मी हदीसचा आधार घेतला. हजरत आयशा आणि रसूलुल्लाह (स.) यांची शर्यत लागली होती, पहिल्या वेळी त्या जिंकल्या, पुढच्या वेळी ते, असं अबू दाऊदमध्ये आहे. नानीला ती हदीस माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. ती म्हणाली, "तिथं उसाचे ट्रॅक्टर नव्हते, बेटा." मी माणदेशच्या ललिता बाबरचं नाव काढलं. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. नानी म्हणाली, तिच्या आईची झोप उडाली असेल.

नानीचं चुकत नव्हतं. मला विहिरीपाशी अडवलं तेव्हा माझी फक्त सकाळ वाया गेली. मुलीच्या बाबतीत हिशोब वेगळा असतो. त्यामुळे आता वाट चांगली की वाईट हे ठरवताना मी पहिलं हेच बघतो, इथे माझी मुलगी माझ्याशिवाय पळू शकेल का? या कसोटीवर ती सुंदर पाणंद पहिल्या फटक्यात बाद झाली. सोलापुरातल्याही काही वाटा बाद झाल्या.

गेल्या दिवाळीत भरतीच्या दोन मुलींशी ओळख झाली. त्या साडेसहाला, चांगलं उजाडल्यावर, गावाजवळच्या खुणांवर ८०० मीटर पळतात. मी दाजी, त्यामुळे माझी मुलगी आपोआप त्यांची भाची. "द्या की आमच्याबरोबर," म्हणाल्या. तिनं स्कार्फ घट्ट बांधला. नानीही आली, कुत्र्यांसाठी काठी घेऊन, आणि पहिल्या खुणेपाशी उभी राहिली. मला तिथे थांबायची परवानगी नव्हती, मी टपरीवर होतो. परत आल्या तेव्हा माझ्या मोबाईलवर नानीनं मोजलेली वेळ होती, चार मिनिटं वीस सेकंद.

"मे महिन्यात ये परत," त्यातली एक भाचीला म्हणाली, "साडेतीनच्या आत आणू."