‘डर्टी काऊ’ची फट बुजली, जुन्या मोबाईलचं काय?

मोबाईल जुना झाला की अपडेट यायचं थांबतं. त्यानं काय बिघडतं, ते ‘डर्टी काऊ’ प्रकरणात दिसलं.

अँड्रॉइड फोनच्या बुडाशी लिनक्सचा कर्नल असतो. कोणत्या ॲपनं कशाला हात लावायचा, ते तोच ठरवतो. जी फाईल फक्त वाचायची, तिच्यावर ॲपला काही लिहायचं झालं तर कर्नल झेरॉक्स काढून देतो. खाडाखोड झेरॉक्सवर, अस्सल दप्तर शाबूत. पण झेरॉक्स काढणं आणि लिहिणं ही दोन कामं. मधल्या क्षणात दुसऱ्या हातानं झेरॉक्स फेकली, की लिहिलेलं थेट अस्सल दप्तरावर उमटायचं. पहिल्या खेपेला नाही जमलं तर हजारदा करायचं, यंत्राला कुठं कंटाळा येतो? एकदा साधलं की ॲपच फोनचं मालक.

ऑक्टोबर २०१६ मध्ये हे उघड झालं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तेव्हा कबूल केलं, की अकरा वर्षांपूर्वी आपणच दुरुस्ती केली होती, पण दुसरीकडं अडचण आल्यानं ती मागं घेतली गेली. तेव्हा धोका कागदावरचा वाटला होता.

गुगलनं २०१६ संपायच्या आत दुरुस्ती दिली. तरी २०१७ मध्ये हीच फट वापरणारा व्हायरस ट्रेंड मायक्रो कंपनीला सापडला. चाळीसहून जास्त देशांत पाच हजारांवर फोन बाधित, त्यात सर्वाधिक चीन आणि भारतातले. गेम नि अश्लील ॲपच्या वेषात तो शिरायचा.

फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती दोन-तीन वर्षांमागची असेल, तर त्या फोनवर बँकेचं ॲप न ठेवलेलं बरं.