चावी कुणी बंद केली?



गेल्या पावसाळ्यात माझी बायको बाळंत झाली. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, दारात गुडघाभर पाणी, आत ओली बाळंतीण. आठवडा झाला नि पोरगी दिवसरात्र रडायला लागली. छातीशी लावली की तोंड फिरवायची. शेजारणी म्हणाल्या, दूध आटलं. म्हातारी म्हणाली, नजर लागली. आणि सभेत मुक्तीच्या कविता म्हणणारा मी, गोदीतून रातपाळी करून आलेला मी, काय म्हणालो? ‘‘एवढंही जमत नाही का तुला?’’

ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. महिनाभर तशीच.

ही माझी चूक छापा. ती माझ्या एकट्याची नाही.

पुढे डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. पोर चोखतं, तसं दूध तयार होतं. तयार झालेलं दूध खाली उतरायला मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा रस सुटावा लागतो. भीती, वेदना, अपमान, आरडाओरडा यांनी तो अडतो. टाकीत पाणी आहे, पण चावीवाला चावी फिरवत नाही, तशातली गत. बऱ्याचदा दूध आटलेलं नसतं, अडलेलं असतं. अडलं की पोर रडतं, पोर रडलं की घर बाईवर ओरडतं, ओरडलं की चावी आणखी घट्ट. फार दिवस तुंबलं की मग दूध खरंच कमी होतं. म्हणजे चावी कोण बंद करतं? आपणच की!

बाळंतपणानंतर चार दिवस रडू येणं नेहमीचं. पण दोन आठवडे उलटले, पोर झोपलं तरी आईला झोप नाही, जगावंसं वाटत नाही, तर तो आजार आहे. 2017 साली देशभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज सांगतो, शंभरात 22 बाळंतिणींना तो होतो. ही नाटकं नव्हेत. बाहेरचंही नव्हे. अंगाऱ्याने जात नाही, औषधाने नि आधाराने जातो. दूध पाजताना चालणारी औषधं आहेत. उदास बाईचं दूध बाधतं, ही शुद्ध थाप आहे. आणि कानात आवाज येत असतील, पोराला काही करावंसं वाटत असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी विश्रांतीची बाजू मांडली. 2017 साली 12 आठवड्यांची रजा 26 आठवड्यांची झाली. छान. पण कुणाची? चार घरची धुणीभांडी करणारीला त्यातला एक दिवस तरी मिळतो का? ती महिन्याच्या आत कामावर. छाती भरून येते ती परक्याच्या मोरीत, पोर इकडे उपाशी. तिच्या डोक्यावर परिणाम होणार नाही तर काय होईल? डिंकाचे लाडू बंगल्यात, आपल्याकडे चहा-पाव.

म्हणून मागायचं. आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते, बाळाचं वजन करते. त्याच भेटीत आईचं मनही विचारलं गेलं पाहिजे. घरकामगारणीला बाळंतपणाचा पगार मिळालाच पाहिजे. आणि आजच 14416 हा सरकारचा फुकट नंबर वस्तीच्या भिंतीवर रंगवा.

माझी पोरगी थोडं आईचं, थोडं डॉक्टरांनी सांगितलेलं वरचं दूध पिऊन वाढली. त्यात लाज कसली? दूध कमी पडलं म्हणून आई कमी पडत नाही.

दोस्ता, मोर्चाला नक्की ये. पण आधी घरी जा. भांडी घास, पोर घे, आणि तिला विचार, ‘‘झोपलीस का गं?’’

मी उशिरा विचारलं. तू उशीर करू नकोस.