तिसऱ्या पेडलचा वाद

स्पोर्ट्‌स कारमध्ये हाताने गिअर बदलणे कालबाह्य झाले, असे सांगणारे प्रत्येक चालकाला शर्यतीत उतरलेला समजतात. दुहेरी क्लचची स्वयंचलित यंत्रणा पुढचा गिअर आधीच जुळवून ठेवते. वेगात तिला कोण हरवणार? पण प्रश्न वेगाचा होताच कुठे? वेगाच्याच नावाने पोर्शने २०१३ च्या ९११ जीटी३ला क्लचचे पेडल दिले नाही. २०१६ मध्ये अवघ्या ९९१ गाड्यांच्या ‘९११ आर’मध्ये तेच पेडल दुर्मीळ ऐवज म्हणून अवतरले (याला तंत्रज्ञान म्हणावे की व्यापार?), आणि २०१७ मध्ये जीटी३मध्येही मागेल त्याला मिळू लागले. वळणाआधी इंजिनाचा सूर कानाने जोखून खालचा गिअर टाकणे ज्याला ओझे वाटते, त्याने ही गाडी घ्यावीच कशाला?